घर बसच्या रस्त्यावर घ्या, मग कार विका

विचारणाऱ्या ताईंची अडचण थोडक्यात अशी: पुण्याहून नाशिकला बदली झालीय. यजमानांची नोकरी सातपूर एमआयडीसीत, त्यांची स्वतःची नाशिकरोडला बँकेत. घरात सासूबाई आणि पहिलीत जाणारी मुलगी. पुण्यातली कार विकून टाकावी आणि इथे बसवर राहावं असं त्यांच्या मनात आहे. भाड्याची दोन घरं बघून ठेवलीत. एक पाथर्डी फाट्याला, नवं आणि ऐसपैस. दुसरं सातपूर कॉलनीत, जुनं आणि लहान. शेवटी त्या म्हणतात, "नाशिक छोटंच तर आहे, बसवर भागेल ना?"

भागेल. पण या दोन्हींपैकी एकाही घरातून नाही भागणार.

शहर बस एसटीकडे होती तेव्हा मी वाहतूक नियंत्रक होतो. निमाणी आणि सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) इथे बसून फेऱ्या सोडल्या, वेळापत्रकं आखली, लेट आलेल्या गाड्यांच्या चालकांशी वाद घातले. आता निवृत्त आहे आणि त्याच रस्त्यांवर प्रवासी म्हणून फिरतो. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

आधी तुमचं ते "छोटंच" जरा बाजूला ठेवा. शहर छोटं असलं की बसचं काम सोपं होतं असं लोकांना वाटतं. होतं उलट. पुण्यात स्कूटरवर पाऊण तास घालवणारा माणूस बसचा विचार तरी करतो. नाशकात ॲक्टिव्हाला किक मारली की वीस-पंचवीस मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोचतो, मग तो थांब्यावर कशाला उभा राहील? इथे बसची स्पर्धा कारशी कधीच नव्हती, दुचाकीशी आहे. जो दुचाकी घेऊ शकतो तो घेतो. मागे उरतात विद्यार्थी, ज्येष्ठ, कामवाल्या बायका, खेड्यावरून येणारे, आणि दुचाकी चालवता न येणारे किंवा चालवायची नसलेले. यांची संख्या कमी नाही, पण यांचा आवाज कमी. म्हणून गाड्याही कमी.

किती कमी ते सांगतो. महापालिकेची शहर बस, म्हणजे सिटीलिंक सेवा, 8 जुलै 2021 ला सुरू झाली. ताफा आखला होता 250 गाड्यांचा: 200 सीएनजी आणि 50 डिझेल. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती, म्हणजे लाखामागे साधारण 17 गाड्या. केंद्राच्या नगरविकास खात्याने शहरी वाहतुकीसाठी ठरवलेल्या निकषात सर्वांत वरच्या श्रेणीला लाखामागे 60 गाड्या लागतात, आणि 20 च्या खाली गेलं की ती सर्वांत खालची श्रेणी. 2011 नंतर शहर किती फुगलं ते पाथर्डी फाट्याच्या इमारती बघूनच कळतं. शिवाय डेपोत नोंद असलेली प्रत्येक गाडी रोज रस्त्यावर नसते. काही दुरुस्तीला, काही राखीव. मेट्रो निओची, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची, घोषणा ऐकली असेल. 2021 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 2,092 कोटींचा उल्लेख झाला होता. तिच्या भरवशावर घर बघू नका.

तर गाड्या थोड्या आहेत. थोड्या गाड्या असल्या की नियोजन करणारा काय करतो? त्या मोजक्या सरळ रस्त्यांवर लावतो आणि बाकीच्या भागाला दिवसातून चार फेऱ्या दाखवून समाधान करतो. मीही तेच करायचो. दुसरा उपाय नसतो. नाशिकचे रस्ते छत्रीच्या काड्यांसारखे आहेत: त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, संभाजीनगर रोड, पुणे रोड, आग्रा रोडची दोन टोकं. सगळ्या काड्या मध्ये सीबीएस, शालिमार, निमाणी या पट्ट्यात येऊन मिळतात. काडीच्या टोकाकडून मध्यात यायला गाडी मिळते. एका काडीवरून दुसऱ्या काडीवर आडवं जायचं म्हटलं की मध्यात येऊन गाडी बदला, नाहीतर रिक्षा करा.

आता तुमची घरं बघू. पाथर्डी फाट्याहून सीबीएसकडे यायला अडचण नाही. पण यजमानांना जायचंय सातपूरला, म्हणजे अंबड लिंक रोडने आडवं. तुम्हाला जायचंय नाशिकरोडला, तेही आडवं, वडाळ्याकडून किंवा द्वारकेवरून फिरून. दोघांच्याही वाट्याला रोज आडवा प्रवास. घर कितीही ऐसपैस असो, महिन्याभरात दोन स्कूटर दारात उभ्या राहतील. सातपूर कॉलनीच्या घरातून यजमान चालत कामाला जातील, पण तुमचा प्रवास शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सीबीएसहून नाशिकरोडच नऊ-दहा किलोमीटर, त्यात सातपूर ते सीबीएस मिळवा. सकाळी सव्वा तास धरा, संध्याकाळी द्वारका तुंबली की दीड.

मी तुमच्या जागी असतो तर घर मध्यात बघितलं असतं: शरणपूर रोड, टिळकवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाक्याच्या आतली बाजू. भाडं जास्त पडेल आणि खोल्या लहान मिळतील. पण इथून यजमान त्र्यंबक रोडची गाडी धरतात: सिव्हिल, मायको सर्कल, एबीबी, आयटीआय सिग्नल, सातपूर. तुम्ही उलट्या दिशेची: शालिमार, द्वारका, बोधलेनगर, उपनगर, दत्तमंदिर, बिटको. दोघांनाही एकच गाडी, कुठेही बदल नाही. आणि दोघंही मधूनच चढणार असल्यामुळे प्रवास निम्मा.

गाडी बदलणं टाळा असं मी एवढं का म्हणतोय, त्याचं कारण जरा खोलात सांगतो, कारण घर बघताना लोक हाच हिशेब चुकवतात. समजा, एखाद्या मार्गावर दर 15 मिनिटांना गाडी आहे असं वेळापत्रक म्हणतं. तुम्ही वेळ न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी साडेसात मिनिटं थांबाल. कागदावर. प्रत्यक्षात निमाणीहून नाशिकरोडला सुटलेली गाडी रविवार कारंजाला अडकली की चार मिनिटं लेट होते. त्या चार मिनिटांत पुढच्या थांब्यांवर माणसं साठतात. ती सगळी हिच्यातच चढतात, वाहकाला तिकिटं फाडायला वेळ लागतो, सुट्ट्या पैशांवरून कुणीतरी हुज्जत घालतं, गाडी आणखी लेट. मागची गाडी मात्र रिकाम्या थांब्यांवरून सरसर पुढे येते. द्वारकेला पोचेपर्यंत दोन्ही एकमेकींच्या बंपरला लागलेल्या. म्हणजे आता 15 मिनिटांना एक नाही, 30 मिनिटांना दोन. तुमची सरासरी वाट साडेसातवरून 15 वर गेली, आणि वेळापत्रक म्हणतं सगळं ठीक आहे, फेऱ्या पूर्ण झाल्या.

एका गाडीत हे सहन होतं. दोन गाड्या बदलायच्या म्हणजे ही अनिश्चितता दोनदा अंगावर घेणं. बँकेत साडेनऊला पोचायचं असेल तर दोन्ही वेळची वाईटात वाईट वाट धरून घर सोडावं लागतं. एके दिवशी पाऊण तास आधी पोचाल, दुसऱ्या दिवशी उशिरा. माणूस वेळ गेल्यामुळे बस सोडत नाही. किती वेळ जाईल हे सांगता येत नाही म्हणून सोडतो.

याच गोष्टीतून एक उपयोगाची सवय: गच्च भरलेली गाडी आली की दारात लोंबकळू नका, मागे बघा. पुणे रोडवर गर्दीच्या वेळी तिची जोडीदारीण बहुतेकदा मागेच असते आणि तीत बसायला जागा मिळते. मोबाईल ॲपवर गाड्या कुठे आहेत ते दिसतं, तिथेही एकाच गाडीकडे न बघता मागची किती दूर आहे ते बघा. ॲपवरचा गाडीचा ठिपका शेवटच्या थांब्यावर हलत नसेल तर गाडी बंद पडलीय असं समजू नका, तिथे चालक-वाहकांचा चहा आणि हिशेब चालू असतो. ठिपका भर रस्त्यात हलत नसेल तर मात्र दुसरी सोय बघा.

बस चालते कशी हेही माहीत असलेलं बरं. एसटीच्या काळात चालक, वाहक, गाडी, तिकीट सगळं एकाच घरचं. भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते प्रमाण, पडलं की वरून विचारणा यायची आणि फेरी बंद व्हायची. आता गाड्या आणि चालक खासगी ठेकेदारांचे, त्यांना पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरमागे. तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे. वाहक वेगळ्या ठेक्यातले. याचा फायदा असा की दुपारी चार माणसं असली तरी गाडी धावते. ठेकेदाराला किलोमीटर भरायचे असतात. तोटा असा की थांब्यावर उभ्या माणसाला घेण्यात चालकाचा फायदा काहीच नाही. तुम्ही थांब्यापासून दहा पावलं पुढे मोबाईलमध्ये डोकं घालून उभ्या असाल तर तो सरळ निघून जाईल. थांब्याच्या पाटीखाली उभ्या राहा आणि हात पूर्ण बाहेर काढून दाखवा. तरीही गेला तर गाडीचा क्रमांक, थांबा आणि वेळ टिपून तक्रार करा. अशा करारांत दंडाची कलमं असतात, आणि ठेकेदाराला बिलातून पैसे कापलेले कळतात. नुसतं "बस थांबत नाही" असं लिहिलेल्या तक्रारीचं कुणीच काही करू शकत नाही.

आणखी एक. तीन घरची माणसं एका गाडीत असली की एका घरी पगार थकला तरी तिघंही बसतात. वेतनावरून काम बंद होऊन सेवा ठप्प होण्याचे प्रसंग 2021 नंतर एकाहून अधिक वेळा घडलेत. म्हणून बसवर राहणाऱ्या प्रत्येकाकडे दुसरी सोय ठरलेली पाहिजे, त्या सकाळी थांब्यावर उभं राहून शोधायची नाही. नाशकात ती सोय म्हणजे शेअर रिक्षा. सीबीएस, शालिमार, द्वारका, बिटको, सातपूर, सगळीकडे मिळते. बसच्या मार्गावरच चालते, बसचे प्रवासी पळवते, आमच्या काळात आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. पण खरं सांगायचं तर हेच लोक नसते तर नाशकातली निम्मी माणसं वेळेवर पोचली नसती. भाडं बसण्याआधी विचारून घ्या, एवढंच. पूर्ण रिक्षा करायची असेल तर मीटरवर विसंबू नका.

पैशांचं बोलू, कारण कार विकण्यामागे तोही विचार असणार. कारशी तुलना केली तर बस कितीतरी स्वस्त; हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग धरलं तर वादच नाही. स्कूटरशी तुलना मात्र अवघड जाते. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर आणि शंभरीच्या वर गेलेलं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. रोजच्या सुट्ट्या तिकिटांचा खर्च जवळपास तेवढाच होतो, आणि नवरा-बायको एकाच स्कूटरवर असले तर बस महागच पडते. म्हणजे दारात स्कूटर उभी असेल तर बस पैसे वाचवत नाही. बस पैसे वाचवते ती दुसरी गाडी घ्यावी लागत नाही तेव्हा. दुसरी स्कूटर, तिचा लाखाच्या घरातला खर्च, विमा, दर दोन-तीन वर्षांनी टायर, हे जे टळतं तीच बचत. त्यात मासिक पास काढला तर आणखी फरक पडतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: कार विका, एक स्कूटर ठेवा. एकही वाहन नको हा हट्ट नाशकात धरू नका. यजमानांच्या कंपनीत पाळ्या असतील तर हे जास्तच महत्त्वाचं. पहिल्या पाळीला सकाळी सातच्या आत दारात असावं लागतं आणि दुसरी पाळी अपरात्री सुटते. त्या वेळी बस धरून चालता येत नाही. आधी कंपनीची स्वतःची बस आहे का ते विचारा. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांच्या बस शहरभर फिरतात आणि त्या वेळेला चोख असतात. ती मिळाली तर यजमानांचा प्रश्नच मिटला, आणि मग घर फक्त तुमच्या सोयीने, पुणे रोडवर उपनगर किंवा बोधलेनगरलाही बघता येईल. कंपनीची बस त्या बाजूला येते का तेवढं आधी विचारून घ्या.

सासूबाईंचं वेगळं आहे. त्यांना वेळेची घाई नसते, म्हणून दुपारी साडेअकरा ते चार ही त्यांची वेळ. गाडी निम्मी रिकामी, वाहकही निवांत, बसायला पुढची जागा मिळते. पायरी उंच असते; गाडी फुटपाथला लागली नाही तर रस्त्यावरून चढावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथेच त्रास होतो. चालकाला "दादा, जवळ घ्या" म्हटलं तर बहुतेक जण घेतात. मध्यात घर घेतलंत तर जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडवर आणि संदर्भ रुग्णालय शालिमारला, दोन्ही हाताशी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: 75 वर्षांपुढच्यांना मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट ही सवलत एसटीची आहे. शहर बसमध्ये तिच्यावरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्र्यंबकेश्वरला किंवा सिन्नरला जायचं असेल तर शहर बस आणि एसटी दोन्ही मिळतात, तिथे तुम्हाला आणि सासूबाईंना एसटी परवडेल.

मुलीची शाळा चालण्याच्या अंतरावर बघा. पहिलीतलं मूल दप्तरासकट सकाळच्या बसमध्ये कोंबायचं नाही. यापलीकडे त्यावर माझं काही म्हणणं नाही.

वर्षातले काही दिवस बसने फिरणाऱ्यांनी आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत. नवरात्रात कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याजवळचा जुना आग्रा रोड बंद किंवा वळवलेला असतो. तुमचं घर त्या बाजूला असेल तर नऊ दिवस थांबा बदलेल. गणेश विसर्जनाला आणि रंगपंचमीला, रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात त्या दिवशी, जुन्या नाशकातून गाडी जाणार नाही हे धरूनच चाला. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालेल्या भाविकांची रीघ लागते, एसटी जादा गाड्या सोडते, आणि सातपूरला जाणाऱ्या माणसाची आदल्या रात्रीपासूनच पंचाईत सुरू होते. पहिल्या मोठ्या पावसाला दुचाकीवाले बसमध्ये येतात आणि पास काढून वर्षभर उभं राहणाऱ्याला दारही दिसत नाही. चार दिवसांनी रेनकोट सापडतात, मग गर्दी ओसरते.

आणि 2027 चा सिंहस्थ. त्याच्या आधीची रस्त्यांची कामं आणि त्या वर्षीची पर्वणी (मुख्य स्नानाचे दिवस), दोन्हींचा फटका रोजच्या मार्गांना बसणार. पर्वणीच्या दिवसांत मात्र बसवर असणाराच सुखी असतो. 2015 च्या सिंहस्थात खासगी वाहनं बाहेरच्या वाहनतळांवर अडवली होती आणि तिथून आत माणसं आणली ती एसटीने. कारवाले तेव्हा आमच्याकडेच रांगेत उभे होते.

घराचा करार करण्याआधी दोघांनी एक सोमवार काढा. आपापल्या खऱ्या वेळेला, त्या घराच्या जवळच्या थांब्यावरून, आपापल्या कामाच्या जागी जाऊन या. मालक आणि दलाल दोघंही "थांबा दोन मिनिटांवर" म्हणतात. ती दोन मिनिटं सासूबाईंबरोबर चालून बघा. संध्याकाळचा परतीचा प्रवास तर नक्की करा, कारण सकाळी गाड्या डेपोतून ताज्या निघालेल्या असतात, संध्याकाळी दिवसभराचा उशीर साठलेला असतो. नाशिकरोडहून निघणारी तुमची शेवटची भरवशाची गाडी कोणती ते तिथल्या नियंत्रकाला विचारून घ्या. बँकेत वर्षअखेरीला उशीर होतोच. तो सांगेल त्याच्या आधीची फेरी आपली शेवटची समजा.

पास पहिल्या महिन्यात काढू नका. सुट्टी तिकिटं काढून बघा, दोघांपैकी कुणाच्या किती खेपा खरोखर बसने होतात ते कळेल, आणि कदाचित एकालाच पास लागेल. कार विकायला पावसाळा संपेपर्यंत थांबलात तरी चालेल. नवरात्रात जुन्या गाड्यांना गिऱ्हाईकही बरं मिळतं.